मशेरी आणि रक्तातली चिकट साखर

मशेरीचा विषय निघाला की बायका पटकन म्हणतात, "मी कुठं तंबाखू खाते? नुसते दात घासते." पण मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईस्तोवर भाजून कुटलेली तंबाखूच. भाजल्यानं तिचं विष जात नाही. हिरडीवर बोट फिरवलं की ते तोंडातून रक्तात उतरतं, मग तुम्ही थुंका नाहीतर चूळ भरा.

तंबाखूत निकोटिन असतं हे आपण ऐकलेलं आहे. त्याचं एक भावंड आहे, नॉरनिकोटिन. २००२ साली अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेतले शास्त्रज्ञ टोबिन डिकरसन आणि किम जांडा यांनी दाखवलं, की हे नॉरनिकोटिन रक्तातल्या साखरेला जोडीला घेऊन प्रथिनांना घट्ट चिकटतं. सिगारेट ओढणाऱ्यांच्या रक्तात अशी बदललेली प्रथिनं जास्त दिसली. मशेरीवाल्यांची ती तपासणी नव्हती, पण तंबाखू तीच.

चिकटतं म्हणजे काय? दूध आटवताना खवा तांबूस होतो ना, तेव्हा दुधातली साखर दुधातल्या प्रथिनाला चिकटत असते. शरीरातही हे सावकाश चालूच असतं. मधुमेहाला डॉक्टर "तीन महिन्यांची साखर" तपासतात, ती म्हणजे हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली त्याचं माप. तंबाखू या कामात भर घालते.

आता प्रतिकारशक्तीचं बघा. रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे आपले राखणदार. घरचाच माणूस तोंडाला काळं फासून आला तर कुत्रं भुंकणारच! तसं बदललेलं प्रथिन दिसलं की या पेशी चवताळतात, आतल्या आत सूज धरते, रक्तवाहिन्या खराब होतात. दारूचंही असंच. यकृतात दारूपासून ॲसिटाल्डिहाइड नावाचं विष बनतं, ते यकृताच्या प्रथिनांना चिकटतं आणि शरीर आपल्याच प्रथिनांविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं. वर दारू पिणाऱ्याला टीबी लवकर गाठतो, ते वेगळंच.

गरोदर बाईनं तर मशेरीला हात लावू नये. बाळ कमी वजनाचं होतं. सासूबाईंनी डबी पुढं केली तरी.

सोडताना पहिला आठवडा जड जातो. डोकं दुखतं, चिडचिड होते, पोट साफ होत नाही. सकाळी कोमट पाणी प्या, जेवणात पालेभाजी वाढवा, दात कडुलिंबाच्या काडीनं घासा. दोन-चार आठवड्यांत त्रास ओसरतो. सरकारची तंबाखू सोडण्यासाठीची मोफत फोनसेवा आहे, नंबर लिहून घ्या: १८००-११-२३५६.