फासे, टेप आणि घड्याळ

सकाळी ७:००
स्पर्धेला निघण्याआधी मोजदाद. प्रत्येक स्पेस मरीनच्या, म्हणजे माझ्या छोट्या खेळण्यातल्या सैनिकाच्या, बेसखाली चुंबक आहे, पेटीला पत्र्याचा तळ आहे. तरी एखाद्याची बंदूक निखळलेली असतेच. ही फौज मी खेळाच्या पाचव्या आवृत्तीच्या, म्हणजे २००८ नंतरच्या दिवसांत रंगवली. तेव्हा मरीनचा बेस २५ मिलिमीटरचा होता, आता ३२चा चालतो. ते बदलण्यात कितीतरी संध्याकाळी गेल्या. ‘वॉरहॅमर ४०,०००’ हा १९८७ सालचा, टेबलावर खेळायचा युद्धखेळ. ही नोंद लिहिताना, २०२४मध्ये, त्याची दहावी आवृत्ती चालू आहे. मधलं सगळं माझ्या हातून सुटलं.

९:००
नॉटिंगहॅम हे या खेळाचं माहेर. तो काढणाऱ्या गेम्स वर्कशॉपचं मुख्यालय इथंच लेंटनमध्ये आहे. त्यामुळे साध्या शनिवारच्या स्पर्धेलाही हॉल भरतो. फौज २,००० पॉइंट्सची, तीही ताज्या दरानं, कारण युनिटांच्या किमती आता वर्षातून अनेकदा बदलतात. डाव तीन. पहिली जोडी चिठ्ठीनं. पुढे जिंकलेल्यासमोर जिंकलेला, हरलेल्यासमोर हरलेला. टेबल पूर्वी ७२ बाय ४८ इंचांचं असायचं, आता ६० बाय ४४. शत्रू फार लवकर अंगावर येतो.

९:३०
समोर कॉलेजातला मुलगा, टायरनिडांचा, म्हणजे परग्रही किड्यांचा, थवा घेऊन. बाजूला बुद्धिबळाचं घड्याळ, प्रत्येकाला दीड तास. मी मरीन मांडायला घेतो आणि हात आपोआप त्यांच्यात दोन-दोन इंचांचं अंतर सोडतो. पूर्वी तोफगोळ्यासाठी प्लास्टिकची गोल चकती ठेवायचे. चकतीखाली येईल त्याला धोका. म्हणून पांगून उभं राहायचं. २०१७च्या आठव्या आवृत्तीत चकत्या गेल्या. आता पांगलेल्या तुकडीचं टोक भिंतीबाहेर डोकावतं आणि तेवढ्यावर तिला गोळ्या बसतात. रणगाड्याचं तोंड शत्रूकडे वळवण्यालाही अर्थ उरला नाही. पुढचं जाड चिलखत आणि मागचं पातळ हा भेदच संपला.

११:००
मुलगा प्रत्येक चाल बोलून करतो. “हे भिंतीमागे ठेवतोय, तुझ्या एकाही बंदुकीला दिसू नये असं. मान्य?” मी वाकून बघतो, म्हणतो, “मान्य.” मग पुढे मिनिएचर केसभर सरकली तरी वाद नाही. आमच्या वेळी अशाच केसावरून पंचाला हाक जायची.

१२:३०
मी त्याचे जास्त किडे मारले आणि हरलो. १०० गुणांपैकी ५० मुख्य मोहिमेचे, ४० दुय्यम कामगिऱ्यांचे, १० रंगवलेल्या फौजेचे. नुसतं मारण्याला वेगळे गुण नाहीत. रंगाचे दहा मात्र पूर्ण मिळाले.

दुपारी १:००
डब्यातली पोळीभाजी आणि हॉलमधला चहा. शेजारी एक जुना गडी भेटतो आणि विषय निघतो टेपचा. पाचव्या आवृत्तीपर्यंत नेम जाहीर करण्याआधी मोजायची मनाई होती. शत्रू २४ इंचांत आहे असं नजरेनं ठरवायचं, मग टेप लावायची; २५ भरले तर मारा फुकट. विटीदांडूत अंदाजानं दांड्याची मापं मागावीत, तसं होतं ते. २०१२च्या सहाव्या आवृत्तीनं कधीही मोजायची मुभा दिली, आणि ती कमावलेली नजर निकामी झाली असं आम्ही दोघंही धरून चाललो होतो.

१:३०
दुसरा डाव, नेक्रॉन या यंत्रसैनिकांच्या फौजेशी. हा गृहस्थ सगळं मोजतो: उघड तीस इंचांवरची बंदूक, उघड तीन इंचांवरची भिंत. प्रत्येक मोजणीला त्याचं घड्याळ चालतं. मी फक्त संशयाची अंतरं मोजतो. तिसऱ्या फेरीत त्याच्याकडे मोजकी मिनिटं आहेत, माझ्याकडे विचार करायला वेळ आहे.

तो वेळ मी टर्मिनेटरांवर, माझ्या राखीव तुकडीवर, खर्च करतो. अशी तुकडी शत्रूपासून नऊ इंचांपलीकडेच उतरते. दोन फाशांवर नऊ किंवा जास्त पडलं तर धडक बसते. ३६पैकी १० शक्यता. एक कमांड पॉइंट देऊन फासे पुन्हा टाकले तर जवळजवळ निम्मी. मी त्यांना मधल्या ऑब्जेक्टिव्हवरच, म्हणजे गुण देणाऱ्या जागेवरच, उतरवतो, म्हणजे धडक चुकली तरी जागा माझी. दोन्ही वेळा फासे दगा देतात. नेक्रॉनांच्या पाळीत टर्मिनेटर तग धरतात, आणि त्या जागेच्या गुणांवर डाव माझा होतो.

४:४५
तिसऱ्या डावात पाय बोलायला लागतात. आठ तास उभं राहणं कुठल्याच आवृत्तीत सोपं झालेलं नाही. थोडक्यात हरतो.

८:००
निकाल लागतो, मी तळातल्या अर्ध्यात. पेटी भरत असताना नेक्रॉनवाला येतो आणि विचारतो, न मोजता अंतर कसं कळतं? मंगळवारी क्लबात सराव ठरला आहे: तो मला नवी स्ट्रॅटेजम, म्हणजे कमांड पॉइंट देऊन वापरायच्या युक्त्या, पाठ करायला लावणार, मी त्याची टेप काढून घेणार.