साल्व्हिनियावर भुंगेऱ्याचा उपाय

तळ्यावर साल्व्हिनियाचा थर दाटला की पाण्यातील प्राणवायू घटून मासे गुदमरतात. मूळच्या ब्राझीलमधील या तणाला बीज धरत नाही. मात्र डोळा असलेल्या प्रत्येक तुकड्यापासून नवे रोप होते. त्यामुळे बरगी परिसरातील तळेमालकाने ते घाईने ओरबाडल्यास प्रसारच वाढेल.

सिर्टोबॅगस साल्व्हिनी हा सुमारे २ मि.मी. लांबीचा भुंगेरा कोंब खातो, तर त्याची अळी खोड पोखरते. १९८० च्या दशकात केरळात यशस्वी ठरलेला हा कीटक जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाने बैतूल जिल्ह्यातील सारणीच्या जलाशयात सोडला. जलपर्णीवर त्याचा उपयोग नाही. परिणामास अनेक महिने लागतात, आणि एवढा धीर क्वचितच धरला जातो. मध्येच तणनाशक फवारल्यास तणाबरोबर भुंगेऱ्यांचे अन्नही नष्ट होते.