रेकॉर्डिंगवाला सेट-टॉप बॉक्स फोनच्या मदतीने वायफायला कसा जोडायचा?

तुम्ही पुण्यात नोकरीला आहात आणि आई-बाबा गावी. आईचा फोन येतो, "अरे, आज आम्ही लग्नाला चाललोय, माझी मालिका चुकणार बघ." घरी रेकॉर्डिंगवाला सेट-टॉप बॉक्स आहे, पण आईला त्याचा मेनू जमत नाही. अशा वेळी बॉक्स वायफायला जोडलेला असेल आणि कंपनीच्या ॲपमध्ये सोय असेल, तर तुम्ही पुण्यात बसून आपल्या फोनवरून रेकॉर्डिंग लावू शकता.

पण बरेच जण इथेच अडकतात. पासवर्ड बरोबर असतो, फोनवर इंटरनेट धावत असतं, आणि बॉक्स मात्र "कनेक्ट झाले नाही" एवढंच सांगत राहतो. असं का होतं? चला, समजून घेऊया.

रेकॉर्डिंगला वायफाय लागतं का?

नाही. डीटीएचचं चित्र छतावरच्या डिशमधून येतं आणि बॉक्समधल्या हार्ड डिस्कवर किंवा मागे लावलेल्या पेन ड्राइव्हवर साठवलं जातं. भारतात टाटा स्कायने (आताचं टाटा प्ले) २००८ मध्ये 'टाटा स्काय प्लस' हा रेकॉर्डिंगचा बॉक्स आणला, तेव्हा बहुतेक घरांत वायफाय नव्हतंच. तरीही रेकॉर्डिंग होत होतं.

मग वायफाय कशासाठी? बाहेरून रेकॉर्डिंग लावणं, ओटीटी ॲप बघणं, बॉक्सचं सॉफ्टवेअर अपडेट करणं आणि काही बॉक्समध्ये रेकॉर्ड केलेला कार्यक्रम फोनवर बघणं, यासाठी. काही कंपन्या रेकॉर्डिंगची सूचना सॅटेलाइटवरूनच पाठवतात, तिथे वायफाय नसलं तरी चालतं. म्हणून आधी आपल्या बॉक्सला वायफायची खरंच गरज आहे का, ते बघा. काही जुन्या बॉक्समध्ये वायफाय नसतंच, त्यांना यूएसबीचा डोंगल किंवा लॅन केबल लागते.

फोनचं काम काय?

इथे तीन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते.

१. फोन म्हणजे रिमोट. कंपनीचं ॲप फोनवर असतं. घरच्या वायफायचं नाव आणि पासवर्ड ते बॉक्सला कळवतं. पुढे बॉक्स थेट राउटरशी बोलतो.

२. फोन म्हणजे हॉटस्पॉट. घरी राउटर नसेल तर फोनचं मोबाइल इंटरनेट बॉक्सला द्यायचं. यात एक मोठी अडचण आहे. फोन घेऊन तुम्ही बाहेर पडलात की बॉक्सचं इंटरनेट बंद! म्हणजे बाहेरून रेकॉर्डिंग लावायची सोय नेमकी गरजेच्या वेळी मिळत नाही.

३. फोन म्हणजे तपासणीचं साधन. टीव्हीजवळ उभं राहून रेंज किती येते हे फोनवर दिसतं.

ॲपने जोडायची पद्धत

प्रत्येक कंपनीचा मेनू थोडा वेगळा असतो, पण क्रम साधारण असाच:

१. बॉक्स चालू करा. सेटिंग्जमध्ये नेटवर्क आणि मग वायफाय निवडा.
२. फोनवर कंपनीचं अधिकृत ॲप प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरवरूनच घ्या.
३. फोन घरच्या वायफायवर ठेवा.
४. ॲपमध्ये बॉक्स जोडण्याचा पर्याय निवडा. काही बॉक्स यासाठी स्वतःचं तात्पुरतं वायफाय सुरू करतात आणि फोनला त्याच्याशी जोडावं लागतं.
५. "या वायफायवर इंटरनेट नाही, मोबाइल डेटा वापरू का?" असं फोनने विचारलं तर नाही म्हणा. फोन डेटावर गेला की बॉक्सशी बोलणं तुटतं. जोडणी होईपर्यंत मोबाइल डेटा बंदच ठेवलेला बरा.
६. घरचं वायफाय निवडा, पासवर्ड टाका आणि मिनिटभर थांबा.

ॲप लोकेशनची परवानगी मागतं, तेव्हा घाबरायला होतं. आसपासच्या वायफायच्या नावांवरून तुम्ही कुठे आहात हे कळू शकतं, म्हणून बऱ्याच अँड्रॉइड फोनवर वायफाय शोधणाऱ्या ॲपला ही परवानगी लागते. जोडणी झाली की ती काढून टाकता येते.

ॲप नसेल तर टीव्हीच्या रिमोटनेही पासवर्ड टाकता येतो. राउटरवर डब्ल्यूपीएसचं बटण असेल आणि बॉक्समध्येही तो पर्याय असेल, तर राउटरचं बटण दाबून २ मिनिटांच्या आत बॉक्सवर तो पर्याय निवडा. पासवर्ड टाकावाच लागत नाही.

पासवर्ड बरोबर, तरी जोडत नाही?

सर्वात जास्त वेळा दोष असतो तो फ्रिक्वेन्सीचा. राउटर दोन पट्ट्यांवर चालतो: २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. ५ चा वेग जास्त, पण भिंतींपलीकडे तो लवकर कमजोर पडतो. फोनला दोन्ही दिसतात, पण अनेक जुन्या बॉक्सना फक्त २.४ कळतं. म्हणून फोनवर दिसणारं वायफाय टीव्हीवर दिसतच नाही.

- राउटर: दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावं द्या आणि बॉक्स २.४ वाल्याला जोडा.
- अँड्रॉइडचा हॉटस्पॉट: हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड २.४ करा.
- आयफोन: १२ आणि त्यापुढच्या मॉडेलमध्ये पर्सनल हॉटस्पॉटमध्ये 'मॅक्सिमाइज कम्पॅटिबिलिटी' चालू करा.

आणखी तीन गोष्टी तपासा. राउटरची सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ वर असेल तर जुना बॉक्स जोडत नाही, डब्ल्यूपीए२ किंवा दोन्हींचा मिश्र पर्याय निवडा. फोन 'गेस्ट' वायफायवर आणि बॉक्स मुख्य वायफायवर असेल तर दोघं एकमेकांना दिसत नाहीत. आणि पासवर्डमधलं कॅपिटल अक्षर किंवा शून्य आणि 'ओ' यांची अदलाबदल पुन्हा एकदा बघा.

तरीही जमलं नाही तर राउटर आणि बॉक्स दोन्ही बंद करा. आधी राउटर, आणि २ मिनिटांनी बॉक्स चालू करा.

हॉटस्पॉट वापरताना डेटा सांभाळा

डिशवरून आलेला चॅनेल रेकॉर्ड करायला तुमचा डेटा खर्च होत नाही. पण ओटीटीवर एचडी चित्रपट लावला तर तासाला २ ते ३ जीबीपर्यंत डेटा जाऊ शकतो. रोज दीड-दोन जीबीचा प्लॅन असेल तर चित्रपट अर्ध्यावरच अडकायचा.

गुगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधू नका!

बॉक्स जोडला जात नाही म्हणून माणूस वैतागतो, गुगलवर नंबर शोधतो आणि खोट्या कस्टमर केअरच्या हाती लागतो. समोरचा गोड बोलून स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकायला लावतो, "फक्त १० रुपये भरा" म्हणतो, आणि खातं रिकामं होतं. वायफाय जोडायला ओटीपी, यूपीआय पिन किंवा स्क्रीन शेअरिंग कधीच लागत नाही. नंबर हवा असेल तर बिलावरून, बॉक्सच्या मेनूतून किंवा अधिकृत ॲपमधूनच घ्या. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे थांबवण्याची शक्यता जास्त.

शेवटी एक लक्षात ठेवा

वायफाय जोडलं तरी मेन स्विच बंद असेल तर रेकॉर्डिंग होत नाही. घराबाहेर पडताना टीव्ही बंद करा, पण बॉक्स स्टँडबायवर राहू द्या. गावी वीज वारंवार जात असेल तर बॉक्स आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. आणि पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा जोडणी स्वतः करून द्या, म्हणजे आई-बाबांना अनोळखी नंबरवर फोन करायची वेळच येणार नाही.

तुमच्या घरातही असा बॉक्स असेल, तर ही माहिती फॅमिली ग्रुपवर नक्की शेअर करा.