न पेरता उगवलेले रोप: ठेवावे की उपटावे?

मृगाचे दोन-चार चांगले पाऊस झाले, की घरामागच्या वाडीत एक गंमत दिसू लागते. उकिरड्याच्या कडेला भेदऱ्याची रोपे दाटीने वर येतात. मोरीच्या पाण्यावर कोहळ्याची जाड दुपानी रोपे उभी राहतात. कुंपणाखाली एखादी मिरची डोके काढते. घरची बाई म्हणते, "देवाने दिले, राहू द्या." धनी म्हणतो, "कचरा आहे, उपटा." दोघांचेही निम्मे खरे आहे.

ही रोपे येतात कोठून?

भेदऱ्याचे बी फळात असताना भोवतीच्या बुळबुळीत गरामुळे रुजत नाही. फळ सडले, गर निघाला, की ते मोकळे होते. मिरचीचे बी पाखरे आणतात. तिखट त्यांना झोंबत नाही. बाकीचे बी शेणखतातून येते. खड्डा नीट भरून, ओल राखून कुजवला, तर आतली उष्णता 55 ते 60 अंशांवर जाते व बहुतेक बी मरते. खत पसरल्यावर वाडीभर कोहळे व भेदरे उगवू लागले, तर आपले खत कच्चे राहिले असे समजावे.

आमच्या घरची लवकी

काही वर्षांपूर्वी आमच्या परसात लवकीचा असाच एक वेल आला. मीच त्याला मांडव करून दिला. फळे लांब, हिरवीगार, देखणी. पहिली भाजी झाली तेव्हा सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, कडू लागते, टाकून देते." मी कृषी पदवीधर. म्हणालो, "कडू ते पोटाला चांगले," आणि वाटीभर खाल्ली. तासाभरात उलट्या व जुलाब सुरू झाले. रात्र दवाखान्यात सलाईनवर गेली. मुलांनी पहिल्याच घासाला तोंड वाकडे करून भाजी बाजूला सारली होती, म्हणून ती वाचली.

चूक वेलाची नव्हती, माझी होती. ज्याचा वाळवून तुंबा करतात तो कडू भोपळा आणि आपली लवकी या एकाच जातीच्या. कीटक एकाचा पराग दुसऱ्यावर नेतात. अशा संकरातून धरलेले फळ त्या वर्षी गोडच असते, कारण त्याचा गर आईचा असतो. कडूपणा लपतो बियांत, आणि तो पुढच्या पिढीत बाहेर येतो. म्हणून "आम्ही खाल्लेल्या गोड फळाचेच बी आहे" या भरवशावर राहू नये.

हा कडूपणा शिजवूनही जात नाही. कडू लवकीचा रस पिऊन आपल्या देशात माणसे दगावली, तेव्हा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. तिचा सल्ला साधा होता: आधी लहानसा तुकडा चाखा, कडू लागला तर फळ फेका. जर्मनीतही 2015 साली एका वृद्ध गृहस्थाचा बागेत पिकवलेली कडू झुकिनी खाऊन मृत्यू झाला. झुकिनी हे कोहळ्याच्या कुळातलेच फळ. कारल्याची गोष्ट मात्र वेगळी. त्याचा नेहमीचा कडूपणा निराळ्या द्रव्याचा असतो.

मग ठेवावे काय?

देशी भेदरे, वाल, चवळी यांत परागसिंचन बहुधा फुलातल्या फुलातच होते. त्यांची आपोआप आलेली रोपे बहुधा आईसारखी निघतात. ती खुशाल ठेवावीत. भेदऱ्याचे रोप चार-सहा पानांचे झाले की सायंकाळी मातीच्या गोळ्यासह उचलून लावावे. वेलवर्गीय रोपांना मुळे हललेली सोसत नाहीत. जमल्यास आहेत तेथेच वाढू द्यावीत.

बाजारच्या संकरित भाजीच्या बियांतून आलेली रोपे मात्र एकसारखी निघत नाहीत. एक फळ मोठे, एक बारीक, एखादे बेचव. वाडीत एखाद-दुसरे असू द्यावे, पण त्याच्या भरवशावर शेतात लागवड करू नये.

उपटावे काय?

भेदऱ्याची पाने वळली, आकसली, तर तो बोकड्या. वांग्याची पाने बारीक होऊन गुच्छ झाला, तर तो पर्णगुच्छ. पहिला पांढरी माशी पसरवते, दुसरा तुडतुडे. शेतात पीक नसते त्या दिवसांत असे एखादे रोगट रोप रोग जिवंत ठेवते, आणि नवी लागवड झाली की किडी तो तिकडे नेतात. ज्यांच्या घरची वांगी बाजारात जातात, त्यांनी तर असे रोप दिसताच मुळासकट उपटून जाळावे. ओळख पटत नसेल तर फांदी पिशवीत बांधून साकोलीच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा तालुका कृषी कार्यालयात दाखवावी.

आमच्या घरी आता लवकी असो, दोडके असो की काकडी, चिरण्याआधी देठाकडची चकती जिभेला लावून पाहतात व लगेच थुंकतात. कडू लागली तर फळ पुरून टाकतात. गुरांनाही घालत नाहीत. चुकून खाण्यात आलेच आणि मळमळ, उलटी सुरू झाली, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता दवाखाना गाठावा. यावर उतारा असे औषध नाही. वेळेवर मिळालेले सलाईनच आधार देते.

मुलांनी ताट सरकवले, तर रागावण्याआधी भाजी स्वतः चाखून पाहा. त्या दिवशी आमच्या घरात शहाणी तीच होती.