सावलीमागचा आजार
छातीच्या क्ष-किरण चित्रात फुफ्फुसावर पांढरट डाग दिसतो. तो न्यूमोनियाचा असू शकतो, क्षयाचा असू शकतो किंवा हृदय दुबळे झाल्याने साचलेल्या पाण्याचाही. सावली सारखीच भासते. उपचार मात्र भिन्न. ताप किती दिवसांचा, पायांवर सूज आहे का, आडवे होताच धाप लागते का, हे प्रश्न विचारण्याची सवय रुग्णाच्या खाटेपाशीच जडते. भारतात एमबीबीएसच्या साडेचार वर्षांनंतर औषधवैद्यक, शल्यचिकित्सा, प्रसूती आदी विभागांत १ वर्षाची इंटर्नशिप सक्तीची आहे. क्ष-किरणशास्त्रातील ३ वर्षांचे एमडी त्यानंतरचे. पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या अभ्यासापायी हे वर्ष केवळ हजेरीपुरते उरले, तर भावी तज्ज्ञाला डाग अचूक दिसेल. पण त्यामागचा आजार ओळखताना तो अडखळेल आणि त्याची किंमत रुग्ण मोजेल.