वॉशिंग्टनचं वाक्य, जालन्याची सळई

जालन्याच्या एमआयडीसीतल्या भट्ट्यांमध्ये भंगार वितळतं, त्याचं बिलेट होतं, बिलेटची सळई होते आणि नवीन जालन्यातल्या एखाद्या घराच्या स्लॅबमध्ये कायमची जाऊन बसते. हे भंगार काही इथलं असतं, काही समुद्र ओलांडून आलेलं. परदेशी मालाचा भाव डॉलरमध्ये ठरतो. समजा, टनाला 400 डॉलर. डॉलर 55 रुपयांना असेल तर टन पडला 22,000 रुपयांना. डॉलर 68 वर गेला की तोच माल 27,200 ला! विकणाऱ्याने एक सेंटही वाढवलेला नाही.

डॉलरचे हे दोन्ही दर खरे आहेत. 2013 च्या मे महिन्यात डॉलर 55 रुपयांच्या आसपास होता आणि 28 ऑगस्टला तो 68 च्या पुढे गेला. तीन महिन्यांत असं घडलं तरी काय? त्याच उन्हाळ्यात जालना जिल्हा भीषण दुष्काळात होरपळत होता, टँकरमागे माणसं धावत होती. पण रुपया त्या दुष्काळाने घसरला नाही. तो घसरला एका वाक्याने!

22 मे रोजी अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष बेन बर्नान्के वॉशिंग्टनमध्ये संसदेच्या समितीपुढे बसले होते. फेड तेव्हा दरमहा 85 अब्ज डॉलरचे रोखे विकत घेत होती. तिकडचे रोजगाराचे आकडे असेच सुधारत राहिले तर पुढच्या काही बैठकांत ही खरेदी कमी करता येईल, असं ते म्हणाले. बस. लगेच हिशेब सुरू झाले: खरेदी कमी म्हणजे अमेरिकेत व्याज चढणार, मग पैसा भारतात कशाला ठेवायचा? रुपये विका, डॉलर घ्या!

पण रुपयालाच एवढा जबर मार का बसला? कारण आपलाही एक आकडा उघडा पडला होता. 2012-13 मध्ये चालू खात्यावरची तूट जीडीपीच्या 4.8 टक्क्यांवर, विक्रमी पातळीवर गेली होती. तेल आणि सोनं यांच्या आयातीपायी आपण परक्या पैशावर टेकलो होतो, आणि तोच पैसा काढता पाय घेत होता.

आता खरी कमाल पाहा. 18 सप्टेंबरला फेड खरेदी कमी करणार, असं जवळपास सगळे धरून चालले होते. फेडने काहीच केलं नाही. दुसऱ्या दिवशी डॉलर 62 च्या खाली! आणि डिसेंबरमध्ये फेडने कपात खरोखरच जाहीर केली, तेव्हा? रुपया जेमतेम हलला.

म्हणजे बाजार आकड्याला दचकत नाही, अपेक्षा चुकली की दचकतो. परीक्षेच्या निकालाचंच पाहा: नव्वद टक्क्यांची खात्री असलेल्या घरात पंच्याऐंशी पडले की पेढे आणायला कोणी उठत नाही. पासाची धाकधूक असलेल्या घरात साठ टक्क्यांना फटाके वाजतात. डिसेंबरची बातमी बाजाराने उन्हाळ्यातच पचवून टाकली होती.

शिवाय मधल्या काळात आपलं घरही सावरलं होतं. ऑगस्टमध्ये सोन्यावरचं आयात शुल्क 10 टक्के झालं, सोन्याची आयात आटली, रिझर्व्ह बँकेने अनिवासी भारतीयांच्या ठेवींमधून अब्जावधी डॉलर आणले. 2013-14 संपलं तेव्हा तीच तूट 1.7 टक्क्यांवर आली होती.