शाळामास्तर, वकील आणि द्राक्षमळ्याचे धनी

अँडीज पर्वत आणि प्रशांत महासागर यांच्या बेचक्यात चिली हा चिंचोळा देश दक्षिणोत्तर पसरलेला आहे. त्याच्या मध्यभागातील सुपीक जमीन विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोजक्या घराण्यांच्या हाती होती. तीवर राबणाऱ्यास ‘इंकिलिनो’ म्हणत. आपल्याकडील कूळ धन्याला खंड देई. इंकिलिनो खंडाऐवजी आपले श्रम देई. धन्याने दिलेल्या खोपटात राहावे, पोटापुरता तुकडा कसावा आणि उरलेला काळ धन्याच्या शेतावर घालवावा, असा त्याचा जन्म जाई. १९५८ पर्यंत मतपत्रिका पक्षच छापीत असल्यामुळे त्याचे मतही बहुधा धन्याच्याच मुठीत असे.

अशा देशाचे अध्यक्षपद भूषविणारे पेद्रो आगिर्रे सेर्दा ६ फेब्रुवारी १८७९ रोजी पोकुरो या खेड्यात एका शेतकरी कुटुंबात जन्मले. वडिलांचे छत्र लवकर हरपले. १९०० साली ते शिक्षक झाले, १९०४ साली वकील. पुढे लोकसभेत आणि सीनेटमध्ये निवडून आले. १९१८ साली न्याय व शिक्षण खात्याचे मंत्री असताना त्यांनी एका तरुण शिक्षिकेस सुदूर दक्षिणेकडील कन्याशाळेची मुख्याध्यापिका नेमले. ती शिक्षिका म्हणजे १९४५ चे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या कवयित्री गाब्रिएला मिस्त्राल. १९२० च्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या कायद्याचेही ते खंदे पुरस्कर्ते होते.

शेतीशी त्यांचा संबंध केवळ जन्माचा नव्हता. सांतियागोजवळ त्यांचा स्वतःचा द्राक्षमळा होता. त्यामुळे लोक त्यांना कौतुकाने ‘दोन तिंतो’, म्हणजे ‘तांबड्या मद्याचे महाराज’, म्हणत. देशाबाहेर राहण्याची पाळी आली, त्या काळातील अभ्यासातून त्यांनी १९२९ साली चिलीच्या शेतीप्रश्नावर ग्रंथ प्रसिद्ध केला.

१९३८ साली रॅडिकल, समाजवादी आणि साम्यवादी पक्षांच्या लोकआघाडीने त्यांना उमेदवारी दिली. ‘भाकरी, छप्पर आणि वस्त्र’ ही आघाडीची घोषणा. ‘राज्य करणे म्हणजे शिक्षण देणे’ हे त्यांचे स्वतःचे सूत्र. २५ ऑक्टोबरला ते विजयी झाले, परंतु अवघ्या चार हजारांच्या आसपास मताधिक्याने. संसदेत बहुमत विरोधकांचेच राहिले. पुढील सारे राजकारण या दोन गोष्टींनी बांधले गेले.

सत्तेवर येऊन महिना होतो न होतो तोच २४ जानेवारी १९३९ रोजी चिल्यान परिसरात प्रलयंकारी भूकंप झाला. हजारो माणसे गाडली गेली. पुनर्रचनेच्या निकडीबरोबरच सरकारने देशाच्या औद्योगिक उभारणीसाठी ‘कोर्फो’ हे महामंडळ स्थापण्याची योजना संसदेपुढे ठेवली. पुढे वीज, पोलाद, तेल आणि साखर या उद्योगांचा पाया याच संस्थेने घातला. परंतु तिला पैसा हवा होता, आणि पैशाला संसदेची संमती. तिकडे खेड्यापाड्यांत शेतमजुरांच्या संघटना उभ्या राहू लागल्या होत्या व जमीनदार बिथरले होते. सरकारने १९३९ साली ग्रामीण संघटनांची नोंदणी थांबविली. कोर्फोचा कायदा त्याच वर्षी एप्रिलमध्ये संमत झाला. शहरातील कारखान्याची किंमत खेड्यातील इंकिलिनोने मोजली, असा या देवघेवीचा अर्थ अनेक इतिहासकार लावतात.

२५ नोव्हेंबर १९४१ रोजी, मुदत पुरी होण्यापूर्वीच, क्षयाने त्यांचे निधन झाले. शेतमजुरांना संघटनेचा खराखुरा हक्क आणि मोठ्या जमिनींच्या वाटपाचा परिणामकारक कायदा मिळाला तो १९६७ साली, दुसरे वकील-अध्यक्ष एदुआर्दो फ्रेई यांच्या कारकीर्दीत.

आगिर्रे सेर्दा यांना शेतकऱ्याचे दुःख ठाऊक नव्हते, असे कोणी म्हणणार नाही; त्यांनी त्यावर ग्रंथच लिहिला होता. परंतु प्रश्न जाणणे निराळे आणि तो सोडविण्याइतके बळ हाती असणे निराळे. ज्याचे मतही त्याचे स्वतःचे नाही, त्याच्या बाजूने संसदेत हात वर होत नाहीत. चिलीच्या शेतमजुराला अठ्ठावीस वर्षे थांबावे लागले, त्याचे कारण येथे आहे.